नव्या विमानाचे पहिले एक लाख तास : उड्डाणयोग्यता नियामकांना खुले पत्र

प्रति,
नव्या प्रवासी विमानांना टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या विमानाच्या रचनेला मान्यता देणारे प्रमाणपत्र) देणाऱ्या नियामक संस्थांचे प्रमुख व तांत्रिक अधिकारी यांस,

विषय : सेवेत नव्याने आलेल्या विमानांतील बिघाडांची मोजणी आणि प्रमाणपत्र देताना धरलेल्या गृहीतकांची फेरतपासणी

महोदय/महोदया,

स. न. वि. वि.

मी विमान देखभालीच्या कामातून निवृत्त झालेला अभियंता आहे. माझी बहुतेक नोकरी रात्रपाळीत, पार्किंग बेवर उभ्या असलेल्या विमानाच्या पोटाखाली गेली आणि त्या काळात नुकतीच सेवेत आलेली दोन प्रकारची विमाने माझ्या हाताखालून गेली. नव्याचे नऊ दिवस ही म्हण आपण कौतुक ओसरण्याबद्दल वापरतो. विमानाच्या बाबतीत मात्र हे नऊ दिवसच सर्वांत अवघड असतात. चाचणी वैमानिकांनी निगुतीने उडवलेले यंत्र रोजच्या फेऱ्या, दोन उड्डाणांमधली घाई, धूळ, दमट हवा आणि शंभर वेगवेगळ्या हातांची देखभाल यांना तेव्हा प्रथमच तोंड देत असते. या काळात बिघाड होणारच, हे आमच्या धंद्यातल्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असते. तेव्हा माझी तक्रार बिघाड होतात याबद्दल नाही. ते कसे मोजले जातात, कोणाला सांगितले जातात आणि त्यांना काय नाव दिले जाते, याबद्दल आहे.

एका रात्रीची हकिगत सांगतो. पहाटे तीनच्या सुमारास आलेल्या एका नव्या विमानाच्या टेक लॉगमध्ये, म्हणजे तांत्रिक नोंदवहीत, वैमानिकाने स्नॅग (बिघाडाची तक्रार) लिहिला होता : इंजिनाकडून येणारी गरम हवा वाहून नेणाऱ्या नळीतून गळती होत असल्याचा संदेश उड्डाणात दोनदा आला आणि आपोआप गेला. मॅन्युअलमधल्या क्रमाप्रमाणे आम्ही संबंधित संगणक रीसेट केला, चाचणी घेतली, संदेश पुन्हा आला नाही, सही केली आणि विमान वेळेवर गेले. त्या विमानाची ही त्या पंधरवड्यातली पाचवी वेळ होती. उत्पादकाच्या प्रतिनिधीकडून लेखी उत्तर आलेले होते की हा संदेश खोटा आहे, सॉफ्टवेअर जरा जास्तच संवेदनशील आहे, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती येईल. सहाव्या वेळी माझ्या एका सहकाऱ्याला राहवले नाही. हातात वेळ नसताना त्याने पॅनेल उघडले आणि टॉर्चच्या उजेडात नळीवरच्या इन्सुलेशनकडे बोट दाखवले. पांढरे असायला हवे ते तळहाताएवढ्या जागेत चहाच्या रंगाचे झाले होते, आणि शेजारचा क्लॅम्प बोटाने फिरवता येईल इतका सैल होता. संदेश खरा होता. पाचही वेळा खरा होता.

या प्रसंगातल्या दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. पहिली अशी की त्या पाचही वेळा विमान वेळेवर गेले, त्यामुळे कागदोपत्री त्याची त्या पंधरवड्याची डिस्पॅच रिलायबिलिटी निष्कलंक होती. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत, तांत्रिक कारणाने न अडकता, किती उड्डाणे निघाली याची ही टक्केवारी. मुरलेल्या विमानांत ती नव्व्याण्णवच्या वर असते, आणि नव्या विमानाबद्दल विचारले की उत्पादक हीच टक्केवारी पुढे करतात. ती वक्तशीरपणा मोजते. रीसेट करून घालवलेला दोष तिच्या हिशेबात कधी घडलेलाच नसतो. दुसरी गोष्ट आम्हाला पुष्कळ उशिरा कळली : तेच विमान उडवणाऱ्या आणखी एका कंपनीतही तोच संदेश येत होता, तोच रीसेट चालला होता, आणि त्यांनाही संदेश खोटा असल्याचे तेच उत्तर मिळाले होते. दोन्ही कंपन्यांच्या नोंदी उत्पादकाकडे होत्या, एकमेकींकडे नव्हत्या. सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे दुरुस्ती सुचवणारे पण सक्ती नसलेले उत्पादकाचे पत्रक, निघायला पुढे कित्येक महिने गेले.

अशा दोषांसाठी आपल्या व्यवसायात एक गोंडस शब्द रूढ झाला आहे : सुरुवातीच्या कुरबुरी. या शब्दाला माझा विरोध नाही, कारण काही दोष खरोखर कुरबुरीच असतात. १९७० च्या जानेवारीत बोइंग ७४७ ने न्यूयॉर्कहून लंडनला पहिले व्यावसायिक उड्डाण करायचे होते, तेव्हा इंजिन तापल्यामुळे ऐन वेळी विमान बदलावे लागले आणि प्रवासी जवळजवळ सात तास उशिरा निघाले. त्या जेटी९डी इंजिनाचे कवच पूर्ण जोर लावल्यावर किंचित लंबगोल होत असे, पाती कवचाला घासत आणि इंजिनाची कार्यक्षमता घसरत असे. इंजिन बसवण्याची चौकट बदलून हे दुरुस्त झाले. तोवर कारखान्याबाहेर तयार विमाने इंजिनांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे टांगून उभी होती. पैसा गेला, अब्रू गेली, पण कोणी दगावले नाही. २०१६ मध्ये ए३२०निओ सेवेत आले तेव्हा त्याच्या गिअर असलेल्या टर्बोफॅन इंजिनाला सुरू व्हायला सुरुवातीला तीनेक मिनिटे लागत. बंद केलेले गरम इंजिन वरून सावकाश आणि खालून लवकर निवते, त्यामुळे आतला रोटर केसभर वाकतो आणि तो सरळ होईपर्यंत हळूहळू फिरवत राहावे लागते. तेवढा वेळ प्रवासी खिडकीबाहेर बघत बसत. हीसुद्धा कुरबुरच, आणि ती पुढे बरीच कमी झाली.

आता त्याच इंजिनाची दुसरी गोष्ट पाहा. २०२३ मध्ये उत्पादकाने जाहीर केले की काही वर्षांच्या काळात बनवलेल्या भागांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत सूक्ष्म अशुद्धी राहून गेली होती आणि त्यामुळे फिरणाऱ्या चकत्यांना अपेक्षेपेक्षा फार लवकर तडे जाऊ शकतात. त्यामुळे नेहमीच्या कामाखेरीज आणखी सहाशे ते सातशे इंजिने २०२३ ते २०२६ या काळात उतरवावी लागतील, आणि प्रत्येक इंजिन अडीचशे ते तीनशे दिवस पंखाबाहेर राहील, असा त्या वेळचा अंदाज होता. चकती फुटली तर तिचे तुकडे कवच भेदून बाहेर येतात. म्हणूनच तिचे आयुष्य हिशेबाने ठरवून, त्याआधीच ती काढून टाकायची असते. येथे चूक निघाली ती त्या हिशेबाच्या पायातल्या गृहीतकात. याला कोणी कुरबुर म्हणू लागला तर त्याला थांबवणे हे आपले काम आहे.

माझे एकूण म्हणणे या फरकाभोवतीच फिरते. प्रमाणपत्र देताना आपण विमान तपासता म्हणजे प्रत्यक्षात गृहीतकांची एक मोठी वही तपासता. सर्वनाश घडवू शकणारा बिघाड उड्डाणाच्या दर तासाला एक अब्जांशापेक्षा कमी संभवनीय असला पाहिजे, हा आपलाच दंडक. एक अब्ज तास उडवून पाहणे कोणालाच शक्य नसल्यामुळे तो आकडा चाचण्या, आधीच्या विमानांचा अनुभव आणि तर्क यांची बेरीज करून काढावा लागतो. यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा विमान सेवेत आल्यावर ती वही कपाटात जाते आणि प्रत्यक्ष आकडे तिच्याशी कोणी ताडून पाहत नाही.

बोइंग ७८७ च्या लिथियम-आयन बॅटरीचे उदाहरण आपणांस माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, तरी येथे मांडतो, कारण त्यात वही आणि वस्तुस्थिती समोरासमोर उभ्या राहतात. बॅटरीतून धूर किंवा वाफा बाहेर पडण्याचा प्रसंग एक कोटी उड्डाणतासांत एकदाही येणार नाही, असा उत्पादकाचा हिशेब होता. एका सेलमध्ये शॉर्ट सर्किट झाले तरी ते शेजारच्या सेलमध्ये पसरणार नाही, या गृहीतकाचा त्याला आधार होता. ७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टनच्या विमानतळावर प्रवासी उतरून गेले होते आणि सफाई कामगार केबिन झाडत होते, तेव्हा त्यांना मागच्या भागात धूर दिसला. नऊ दिवसांनी जपानमध्ये दुसऱ्या एका विमानाला बॅटरीच्याच कारणाने ताकामात्सु येथे तातडीने उतरावे लागले. त्या वेळी जगभरात या प्रकारची पन्नास विमाने होती आणि सगळ्यांचे मिळून एक लाख तासही भरले नव्हते. कोटीत एकदाही न घडणारी गोष्ट लाखाच्या आत दोनदा घडली. त्याच दिवशी अमेरिकेच्या नियामकाने विमाने जमिनीवर ठेवली, इतर देशांनीही तेच केले, आणि बॅटरी पोलादी पेटीत बंद करून तिचा धूर विमानाबाहेर सोडणारी नळी बसवल्यानंतरच, सुमारे तीन महिन्यांनी, ती विमाने पुन्हा उडाली. प्रमाणपत्र देताना चूक झाली, पण पहिल्या इशाऱ्यानंतर नऊ दिवसांत आकड्याने आकड्याला उत्तर दिले गेले. एकही जीव गेला नाही. म्हणून मी हे उदाहरण अपयशाच्या नव्हे, यशाच्या खात्यावर मांडतो. याबद्दल माझ्या जुन्या सहकाऱ्यांशी माझा अजून वाद चालतो.

हेच नऊ दिवस इतर ठिकाणी कसे गेले ते पाहावे. कॉमेट हे पहिले जेट प्रवासी विमान १९५२ मध्ये सेवेत आले. १० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट एल्बा बेटाजवळ हवेत फुटले. कारण सापडलेले नसताना, सुचतील तेवढ्या शक्यतांवर सुधारणा करून, २३ मार्चला उड्डाणे पुन्हा सुरू झाली आणि ८ एप्रिलला दुसरे विमान नेपल्सजवळ समुद्रात गेले. मग एक संपूर्ण विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर दाबाची आवर्तने देण्यात आली. प्रत्यक्ष उड्डाणे आणि टाकीतली आवर्तने मिळून ३,०५७ झाली तेव्हा ते खिडकीच्या कोपऱ्याशी फाटले. अपघातांपूर्वी उत्पादकाने घेतलेल्या चाचणीत याच रचनेने कितीतरी पट अधिक आवर्तने सोसली होती. पण चाचणीच्या त्या तुकड्यावर आधीच जास्तीचा दाब देऊन पाहिलेला होता, त्याने कोपऱ्यांतला धातू दबून उलट टणक झाला होता आणि त्यामुळे चाचणीने खोटा दिलासा दिला. चाचणी प्रामाणिक होती, गृहीतक फसवे होते, आणि ते टाकीच्या आधी सेवेतच उघडे पडले.

डीसी-१० चे तर आणखी वाईट. १२ जून १९७२ रोजी विंडसर शहरावर एका विमानाचा मालकक्षाचा दरवाजा हवेत उघडून तुटला, दाबातील फरकाने केबिनची जमीन खचली आणि वैमानिकाने कसबाने विमान डेट्रॉइटला उतरवले. सक्तीचा एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (उड्डाणयोग्यता निर्देश) काढण्याऐवजी नियामकाचे प्रमुख आणि उत्पादक यांच्यात तोंडी समजुतीने काम भागले आणि दुरुस्ती सर्व्हिस बुलेटिनवर सोडली गेली. पंधरा दिवसांनी विमानाचा सांगाडा बनवणाऱ्या कंपनीतील एका अभियंत्याने, हे दरवाजे पुढेही उघडणार आणि त्यात विमान जाणार, असे लेखी लिहून ठेवले. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळच्या जंगलात एक डीसी-१० कोसळून ३४६ माणसे गेली. त्या विमानाच्या कागदपत्रांवर दुरुस्ती पूर्ण झाल्याची नोंद होती. प्रत्यक्षात ती अर्धवटच होती. काम नसताना नोंद, हा तेव्हाचा प्रकार. पन्नास वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, जेमतेम दोन महिने सेवेत असलेल्या ७३७-९ चा दरवाजाच्या जागी बसवलेला पॅनेल हवेत निखळला, कारण त्याचे चार बोल्ट पुन्हा बसवलेच गेले नव्हते, आणि तो पॅनेल कारखान्यात उघडला गेल्याची नोंदही सापडली नाही. काम झालेले, नोंद नाही. आमच्या धंद्यात सहीला एवढी किंमत का असते, हे समजायला हे दोन प्रसंग पुरे आहेत.

३४६ हा आकडा पुढे पुन्हा आला. ७३७ मॅक्स २०१७ च्या मे महिन्यात सेवेत आले. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी जावाच्या समुद्रात १८९ आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात १५७ माणसे गेली. बेरीज करून पाहावी. या दोन तारखांमध्ये १३२ दिवस आहेत. एमकॅस ही विमानाचे नाक आपोआप खाली वळवणारी प्रणाली हल्ल्याचा कोन (पंख समोरच्या हवेला ज्या कोनात भिडतो तो) सांगणाऱ्या एकाच सेन्सरवर विसंबून होती. आडव्या शेपटीला एका वेळी ०.६ अंश फिरवण्याची तिची मर्यादा विकासाच्या काळात २.५ अंशांपर्यंत वाढवली गेली आणि हा बदल नियामकाच्या संबंधित माणसांपर्यंत नीट पोहोचला नाही. दोन सेन्सरांमध्ये तफावत असल्याचा इशारा बहुतेक विमानांवर चालतच नाही, हे उत्पादकाला २०१७ मध्ये कळले होते. सुरक्षेवर परिणाम नाही, असे ठरवून त्याची दुरुस्ती पुढच्या सॉफ्टवेअरवर ढकलण्यात आली आणि पहिल्या अपघातापर्यंत ही गोष्ट ना विमान कंपन्यांना कळली, ना नियामकाला. म्हणजे ती कुरबुरीच्या खात्यावर गेली. पहिल्या अपघातानंतर अमेरिकी नियामकाच्या अंतर्गत विश्लेषणात, दुरुस्ती न झाल्यास या विमानांच्या एकूण आयुष्यात आणखी सुमारे पंधरा प्राणघातक अपघात संभवतात, असा अंदाज निघाला होता. हा अंदाज कागदावर असताना विमाने उडत राहिली. मी तांत्रिक माणूस आहे, कठोर शब्द वापरण्याची मला सवय नाही, पण दर तासाला एक अब्जांशाचा दंडक ज्या घरात लिहिला गेला त्याच घरात हा कागद कसा फिरला असेल, हे मला आजही उमगलेले नाही.

आता सूचना. त्या माझ्या असल्या तरी त्यांचे मूळ आपल्याच नियमांत आहे.

दोन इंजिनांच्या विमानाला जवळच्या विमानतळापासून दूर, समुद्रावरून उडण्याची परवानगी देताना आपण इंजिन हवेत बंद पडण्याचा दर पाहता. एका इंजिनावर विमानतळापासून १८० मिनिटांपर्यंत दूर जाण्याच्या परवानगीसाठी तो दर हजार इंजिन-तासांमागे ०.०२ च्या आसपास राहावा लागतो, दर वाढला तर परवानगीवर गदा येते, आणि हे आकडे सतत, जगभरच्या विमानांचे एकत्र करून पाहिले जातात. २०१८ मध्ये ७८७ वरील काही ट्रेंट १००० इंजिनांबाबत असे लक्षात आले की एक इंजिन बंद पडल्यावर दुसरे दीर्घकाळ जास्त जोराने चालवल्यास कंपनांमुळे कॉम्प्रेसरच्या पात्यांना तडे जाऊ शकतात. तेव्हा ३३० मिनिटांची मर्यादा १४० वर आणली गेली. लांबचे मार्ग बदलावे लागले, विमाने अडकली, कंपन्या चिडल्या, आणि निर्णय योग्य होता. एखादे गृहीतक सेवेत ढळल्यावर त्याच्या जोरावर दिलेली मुभा कमी करायची, एवढेच तत्त्व त्यामागे आहे. माझी विनंती अशी की हेच तत्त्व नव्या विमानाच्या इतर महत्त्वाच्या प्रणालींनाही, म्हणजे विद्युत, उड्डाण-नियंत्रण, गरम हवेच्या नळ्या, आग व धुराची सूचना आणि दाबनियंत्रण यांना, लावावे. प्रमाणपत्र देतानाच प्रत्येक प्रणालीची मोजकी निर्णायक गृहीतके आणि त्यांचे आकडे जाहीर करावेत, आणि जगभरच्या विमानांचे पन्नास हजार तास व एक लाख तास पूर्ण होताच प्रत्यक्ष नोंदी त्यांच्याशी ताडून तो तक्ता प्रसिद्ध करावा.

या मोजणीत रीसेटने गेलेला प्रत्येक दोष धरला पाहिजे. पहिली दोन वर्षे तरी तो वक्तशीरपणाच्या टक्केवारीमागे लपता कामा नये, आणि त्याची नोंद त्या प्रकारचे विमान उडवणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या देखभाल विभागाला दिसली पाहिजे. आम्हाला त्या रात्री दुसऱ्या कंपनीच्या नोंदी दिसल्या असत्या, तर पॅनेल दुसऱ्या वेळीच उघडले गेले असते. यात आमचाही दोष आहे, तो झाकत नाही : पहाटे साडेपाचचे उड्डाण समोर असताना रीसेटने गेलेला संदेश गेलाच असे मानणे आम्हालाही सोयीचे असते, आणि एमईएलमधली (कोणती उपकरणे बंद असतानाही उडता येते त्या यादीतली) सवलत हक्कासारखी वापरायची सवय लागते.

तसेच, धोकादायक वर्गातल्या गृहीतकाला धक्का देणारी दुरुस्ती सर्व्हिस बुलेटिनवर सोडू नये, सक्तीच्या निर्देशातच यावी. हे नियमांत आहे, असे आपण म्हणाल. विंडसरनंतरही ते नियमांत होतेच.

उत्पादकांचा पहिला आक्षेप व्यापारी गुपितांचा असेल. गृहीतकाचा आकडा आणि घटनांची संख्या सांगितल्याने पात्याचा आकार किंवा मिश्रधातूची कृती उघड होत नाही. दुसरा आक्षेप असा की लोक घाबरतील. २०१५ मध्ये अमेरिकी नियामकाने जाहीर केले की ७८७ ची वीज सलग २४८ दिवस चालू ठेवली, तर जनित्रांच्या नियंत्रकांमधला एक गणक भरून वाहील आणि सगळी जनित्रे एकदम बंद होऊ शकतील. सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणाऱ्या, धन-ऋण चिन्हासह बत्तीस बिटांच्या गणकाची मर्यादा २४८ दिवस आणि तेरा तासांना संपते, तेव्हा हिशेब कुठे चुकला हे कोणत्याही प्रोग्रामरला लगेच ओळखता यावे. हा दोष हवेत सापडला नाही, प्रयोगशाळेत सापडला. ए३५० च्या काही विमानांसाठी १४९ तासांच्या आत वीज बंद करून पुन्हा चालू करण्याचा असाच निर्देश २०१७ मध्ये युरोपीय नियामकाने काढला. दोन्ही वेळा बातम्या झाल्या, थट्टा झाली, आणि प्रवासी नेहमीसारखे विमानात बसत राहिले. दोष उघडपणे सांगणाऱ्यावर लोक रुसत नाहीत.

जाता जाता उशिराबद्दलही लिहितो, कारण तो दबाव आपल्यावरही येतो. ७८७ चे २००७ च्या जुलैमध्ये वाजतगाजत अनावरण झाले, तेव्हा ते बरेचसे पोकळ होते, तात्पुरत्या खिळ्यांवर उभे होते, आणि प्रत्यक्ष उडायला २००९ चा डिसेंबर उजाडला. ७७७एक्स २०२० मध्ये सेवेत येणार होते, ते आता २०२७ वर गेले आहे. यावर होणारी चेष्टा मला पटत नाही. २०२४ मध्ये त्याच्या चाचणी विमानांत इंजिनाचा जोर विमानाकडे पोहोचवणाऱ्या दांड्यांना तडे दिसले आणि चाचण्या थांबवल्या गेल्या. चाचण्या असतात त्या याचसाठी. तडा चाचणीत दिसला याचा हिशेब महिन्यांत होतो. तोच सेवेत दिसला असता तर कशात झाला असता, ते वर लिहिले आहे.

या पत्राला उत्तर द्यायचे झाल्यास एकाच प्रश्नाचे द्यावे. आपण अलीकडे प्रमाणपत्र दिलेल्या कोणत्याही एका विमानाच्या पहिल्या एक लाख तासांत, गरम हवेच्या गळतीचे किती संदेश रीसेट करून घालवले गेले आणि त्यांतले किती खरे होते? हा आकडा आपल्या दप्तरी असेल तर तो जाहीर करावा. नसेल, तर मोजणी कोणत्या तारखेपासून सुरू होईल ते कळवावे.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता